देवगिरीचा तक्ता आणि संगणकाचा पडदा

गाण्याच्या शिकवणीत संगणकाला जागा द्यावी की नाही, हा प्रश्न आता चर्चेपुरता उरलेला नाही. राजवाड्याच्या परिसरात जे संगीतवर्ग आजही चालतात, त्यांतल्या प्रत्येकाच्या दारातून तो केव्हाच आत आला आहे. मुलाच्या हातातल्या फोनमध्ये तंबोरा आहे, तबला आहे, पेटीचा लेहरा आहे. त्याने लावलेला गंधार किती चढा आणि किती उतरा हे दाखवणारा काटा आहे. आणि रागाचे नाव सांगितले की चार-दोन पलटे लिहून देणारी व्यवस्थाही आहे. तेव्हा येऊ द्यावे काय, असे विचारण्यात अर्थ नाही. आलेल्याला बसवावे कोठे, एवढाच विचार आपल्या हाती उरला आहे.

तो जाहीरपणे करण्याचे कारण असे की, आमच्याकडे मुले धाडणाऱ्या जुन्या घरांतून एकाच वेळी दोन उलट तक्रारी येतात, आणि कित्येकदा त्या एकाच घरातून येतात. आजोबा म्हणतात, "मास्तर, आमच्या वेळी गळा तयार व्हायला वर्षे लागत; हे पोर पडद्याकडे बघत गाते, याला रियाझ म्हणायचे का?" आणि सुपर कॉरिडॉरवरच्या कचेरीत संगणकाचेच काम करणारे त्या पोराचे वडील म्हणतात, "सर, आमच्याकडे कोणत्याही कामाचे पहिले टिपण हल्ली यंत्रच करून देते. आम्ही त्यातून निवडतो. मग मुलाने महिनोन्महिने तेच ते पलटे का घोकावेत? विस्तार यंत्राकडून घ्यावा आणि गावा." आजोबा मास्तर म्हणतात, वडील सर म्हणतात, घर एकच. दोघांचेही म्हणणे मनापासूनचे आहे, आणि दोघांचेही मला पुरते पटत नाही.

आजोबांच्या बाजूने एवढे मान्य केले पाहिजे की, यंत्राविषयीची धास्ती आपल्या संगीतात नवी नाही. भातखंडे यांनी बंदिशी स्वरलिपीत उतरवून छापल्या तेव्हा विद्या कागदावर मरेल असे म्हणणारे पुष्कळ होते. त्यांच्याच पद्धतीवर १९१८ साली शेजारच्या ग्वाल्हेरीत माधव संगीत विद्यालय उभे राहिले, आणि आज ती पुस्तके नसती तर आपण कितीतरी बंदिशींना मुकलो असतो, हे त्यांचे विरोधकही कबूल करतील. पेटीचे प्रकरण तर सरकारी हुकुमापर्यंत गेले. १९४० साली आकाशवाणीने तिला बंदी घातली आणि १९७१ पर्यंत ती उठली नाही. बंदी घालणाऱ्यांचा मुद्दा खोटा नव्हता. पेटीला मींड नाही आणि तिचे स्वर ठोक आहेत. पण त्या तीस वर्षांत घराघरांतली पेटी हलली नाही. १९७९ च्या सुमारास बंगळूरच्या राजनारायण यांनी विजेवर चालणारा तंबोरा केला तेव्हाही नाके मुरडली गेली. आज राजवाड्याच्या चौकात भोंग्यांचा आणि वाहनांचा जो कल्लोळ असतो, त्यात चार तारांची जवारी जुळवत बसायचे म्हटले तर मुलांचा तास त्यातच संपेल. विजेच्या तंबोऱ्याविषयी मी तक्रार करणार नाही. ज्याच्या घरी खरा तंबोरा आहे त्याने तोच वापरावा, हे सांगायला नको.

परंतु तंबोरा, तबला ही साथीची यंत्रे झाली. वडिलांचा प्रश्न त्याहून खोल आहे. तो साथीविषयी नाही, सुचण्याविषयी आहे. आपल्या गायकीत ज्याला उपज म्हणतात, ती यंत्राच्या आधाराने वाढते की खुंटते? याचे उत्तर शोधताना मला कोणत्याही परदेशी ग्रंथाकडे जावे लागले नाही, कारण आपल्याच एका मराठी राजधानीत ते यंत्र सुमारे आठशे वर्षांपूर्वी कागदावर मांडलेले आहे.

देवगिरीला यादव राजा सिंघण राज्य करीत होता, म्हणजे तेराव्या शतकाचा पूर्वार्ध. त्याच्या पदरी शार्ङ्गदेव होता. घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा दक्षिणेत आले. वडील सोढल हे दरबारी श्रीकरणाधिप होते, म्हणजे आपल्या भाषेत जमाखर्चाच्या खात्याचे प्रमुख, आणि मुलाकडेही तेच काम आल्याचे सांगतात. अशा हिशेबनिसाच्या घरात 'संगीतरत्नाकर' लिहिला गेला. त्यातल्या स्वराध्यायात खंडमेरू नावाचा एक तक्ता आहे. आपल्याकडे गवई त्यालाच पुढे मेरुखंड म्हणू लागले.

प्रश्न असा आहे: सात स्वर प्रत्येकी एकदाच घेऊन त्यांचा क्रम बदलत गेले तर किती ताना होतील? दोन स्वरांच्या दोन, तीनांच्या सहा, चारांच्या चोवीस, पाचांच्या १२०, सहांच्या ७२०, सातांच्या ५०४०. इतके कोणीही गुणाकार करून सांगेल. शार्ङ्गदेवाची करामत पुढे आहे. त्याने या सगळ्या तानांना ठराविक क्रम लावून दिला आणि असा तक्ता बसवला की, कोणतीही तान म्हणा, तिचा अनुक्रमांक काढता यावा. आणि कोणताही अनुक्रमांक सांगा, त्याची तान काढता यावी. यादी लिहून ठेवायची गरजच नाही. पहिल्या कामाला त्याने उद्दिष्ट म्हटले, दुसऱ्याला नष्ट.

तक्ता करून पाहण्याजोगा आहे. पहिल्या रकान्यात १. दुसऱ्यात ० आणि १. तिसऱ्यात ०, २, ४. चौथ्यात ०, ६, १२, १८. असे करीत सातव्यात शेवटचा आकडा येतो ४३२०. आता सा रे ग प या चार स्वरांतली 'ग सा प रे' ही तान घ्या. तिचा शेवटचा स्वर रे. मूळ क्रमात शेवटाकडून मोजले तर रे तिसरा येतो, म्हणून चौथ्या रकान्यातला तिसरा आकडा उचलायचा: १२. रे बाजूला ठेवला. उरले 'ग सा प'. शेवटचा प, तो उरलेल्या क्रमातही शेवटीच आहे, म्हणून तिसऱ्या रकान्यातला पहिला आकडा: ०. उरले 'ग सा'. शेवटचा सा, तो शेवटाकडून दुसरा, म्हणून दुसऱ्या रकान्यातला दुसरा आकडा: १. राहिला ग, त्याचा १. बेरीज १४. ही चोवीस तानांतली चौदावी तान. ज्यांना हौस असेल त्यांनी सातही रकान्यांतले शेवटचे आकडे घेऊन बेरीज करावी. ५०४० येते, आणि ती शेवटची तान म्हणजे सरळ अवरोह: नी ध प म ग रे सा.

आमच्या वर्गातल्या बारावीच्या एका मुलाला मी हा तक्ता फळ्यावर काढून दाखवला. तो चटकन म्हणाला, "सर, हा तर प्रोग्रॅमच आहे." त्याचे म्हणणे मला शब्दशः खरे वाटते. पायरीपायरीने काय करायचे ते ठरलेले, करणाऱ्याला गाणे कळण्याची गरज नाही, आणि उत्तर दर वेळी तेच. हिशेबनिसाने सुरांसाठी केलेली ती यंत्राची आज्ञावलीच आहे. फक्त चालवायला यंत्र नव्हते, म्हणून ती माणसाच्या गळ्यातून चालवायची असे ठरले.

आणि ती ज्या गळ्यातून सर्वांत सुंदर चालली तो गळा आपल्या इंदूरचा होता. उस्ताद अमीर खाँ यांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारचे सारंगिये. भेंडीबाजार घराण्याशी त्यांचा निकटचा संबंध होता. त्या घराण्यात मेरुखंडाचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, आणि तोच त्यांनी मुलाला लहानपणापासून दिला. ५०४० पलटे, प्रत्येकाला तीन सेकंद धरले तरी एका आवर्तनाला चार तास बारा मिनिटे लागतात. ज्या मुलाने हे वर्षानुवर्षे केले, त्याच्या गाण्यात ताने-पलट्यांची झोड उठायला हवी होती. पण खाँसाहेब गायला बसले की ऐकू येई ती संथ बढत: झुमऱ्याची चौदा मात्रांची विलंबित लय आणि दोन स्वरांच्या मधली लांबलचक शांतता. ५०४० मधून ते काय गात होते यापेक्षा काय गाळत होते, हे ऐकण्यासारखे होते.

त्यांचा ध्वनिमुद्रित मारवा आठवा. मारव्यात पंचम नाही, स्वर सहा, म्हणजे तक्त्याप्रमाणे ७२० ताना. त्या प्रत्येक तानेत षड्ज एकदा आलाच पाहिजे, कारण तक्त्याला सगळे स्वर सारखे. आणि मारवा हा राग उभाच राहतो तो षड्ज लांबणीवर टाकण्यावर. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यामध्ये श्रोत्याला अधांतरी ठेवायचे, आणि आता सा द्या हो, असे त्याला झाले की मगच तो द्यायचा. हे ७२० पैकी कोणत्याही ओळीत लिहिलेले नाही. तक्त्याला थांबणे ठाऊक नाही. कण, मींड ठाऊक नाही. एखादा स्वर हातचा राखून ठेवणे तर मुळीच ठाऊक नाही. तरीही मी असे म्हणणार नाही की तक्त्याचा उपयोग नव्हता. सर्व वाटा पायाखालून गेलेल्या माणसालाच एका वाटेवर इतके सावकाश चालता येते.

वडिलांचा प्रश्न येथे सुटू लागतो असे मला वाटते. यंत्राने पुष्कळ पर्याय पुढे टाकणे हे विचाराला उपकारकच आहे. शार्ङ्गदेवानेही तेच केले. परंतु पर्याय पुढे आल्यावर माणसाने करायचे जे काम, ते निवडण्याहून थोडे निराळे आहे. कचेरीत दहा टिपणांतून एक उचलले की काम भागते. गाण्यात उरलेली नऊ का नकोत, हे सांगता आले पाहिजे. ते सांगता आले नाही तर उचललेले एकही आपले होत नाही.

माझे वडील दरबारी गवयी. नोकरीला लागले तेव्हा वीस वर्षांचेही नव्हते, आणि थोड्याच काळात, १९४८ साली, संस्थान विलीन होऊन दरबार संपला. मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ, त्यामुळे दरबाराच्या गोष्टी मला ऐकूनच ठाऊक. पण त्यांची पलट्यांची वही माझ्याकडे आहे. तांबड्या शाईने कित्येक पलट्यांवर काट मारलेली आहे. आणि कारण कोठेही लिहिलेले नाही. विचारले तर "गाऊन बघ" एवढेच उत्तर मिळे. ती जुनी रीत होती आणि तिच्यात अर्थ होता, कारण शिकणारा चोवीस तास गुरूच्या सावलीत असे. आज ना उद्या कारण त्याच्या कानांत उतरेच. आमच्या वर्गात मूल आठवड्यातून तीन वेळा येते, दर वेळी एक तास, आणि त्यातून परीक्षेचे दिवस वजा. त्याला "गाऊन बघ" पुरत नाही.

म्हणून आम्ही गेली दोन वर्षे एक प्रयोग चालवला आहे. त्या बारावीच्या मुलाने खंडमेरूवरून संगणकाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. भूपाचे पाच स्वर दिले की तो १२० पलटे छापून देतो. प्रत्येक मुलाच्या वाट्याला वीस येतात. प्रत्येक पलटा आधी गायचा. मग त्यावर 'ठेवा' किंवा 'नको' लिहायचे, आणि 'नको' लिहिले तर एका वाक्यात कारण द्यायचे. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची कारणे एकच: बरे वाटत नाही. ते मी परत करतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कारणे बोलू लागतात. गंधारावर टेकायला जागाच मिळत नाही. धैवत फार पुढे आला. हे म्हणताना देशकार आठवतो. या शेवटच्या वाक्यासाठीच तर सगळा खटाटोप! भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच. यंत्राला दोन्ही रागांची यादी मागितली तर तो तोच १२० चा कागद दोनदा छापेल. भूपात गंधाराचे राज्य आणि गाण्याचा भर पूर्वांगात, देशकारात धैवताचे राज्य आणि भर उत्तरांगात, हे पुस्तकातले वाक्य मुले पाठ करतातच. पण तोच कागद दोनदा हातात आल्यावर, एकदा भूप म्हणून आणि एकदा देशकार म्हणून काट मारताना, ते वाक्य त्यांना पहिल्यांदा गळ्यात सापडते.

यंदा एक गंमत झाली. भूपाच्या यादीतला चौदावा पलटा 'ग सा प रे ध' असा येतो. पंचमावरून रिषभावर आले की शुद्धकल्याणाचा वास येतो, तेव्हा यावर 'नको' येणार असे मी धरून चाललो होतो, आणि बाकीच्यांनी तसेच लिहिलेही. एका मुलीने मात्र 'ठेवा' लिहिले. कारण विचारले तर तिने गाऊन दाखवले. पंचमावर श्वास तोडला, रिषभ नव्याने उचलला, खालच्या धैवताला जाऊन षड्जावर आली. मींड घेतलीच नाही, म्हणून शुद्धकल्याण जवळ आला नाही. जागा फार सुरेख होती. यंत्राने ती सुचवली असे म्हणता येणार नाही. यंत्राने पाच अक्षरे ओळीत ठेवली, बाकीच्या ११९ ओळींसारखीच. पण ती ओळ समोर आली नसती तर त्या मुलीला ते सुचले असते का, हेही मला सांगता येणार नाही. उपज म्हणतात ती अशाच कुठल्याशा फटीतून येते.

याच धर्तीचे, पण याहून कितीतरी मोठे काम १९८० च्या दशकात लखनौला झालेले आहे, आणि ते आपल्या लोकांना ठाऊक असायला हवे. जेम्स किपेन नावाचा इंग्रज संगीत-अभ्यासक लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होता. त्याने आणि बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने मिळून 'बोल प्रोसेसर' नावाचा प्रोग्रॅम तयार केला. कायद्याचे बोल आणि त्यांच्या विस्ताराचे नियम त्यात घालायचे, आणि यंत्राने त्या नियमांतून नवे पलटे रचायचे. हे सारे ॲपल कंपनीच्या एका छोट्या संगणकावर. यंत्राने रचलेले बोल जाणत्या तबलियांपुढे ठेवले जात. हा चालेल, हा आमचा नाही, असा ते निवाडा देत. जेथे नकार आला, तेथे घातलेला नियम अपुरा ठरला, आणि तो सुधारायचा. मला या हकिकतीत मोल वाटते ते यंत्राने केलेल्या चांगल्या पलट्यांचे नाही. कायदा कसा वाढवायचा हे उस्तादाच्या हातात होते, जिभेवर नव्हते. यंत्राने व्याकरणाला धरून पण कानाला न पटणारे काही पुढे ठेवले, तेव्हा जे कधी सांगावे लागले नव्हते ते सांगायची वेळ आली.

स्वरांचा आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅमांविषयी थोडक्यात सांगतो. ॲमस्टरडॅमच्या बोएर्स्मा आणि वेनिंक या दोघा भाषाशास्त्रज्ञांनी 'प्रात' नावाचा प्रोग्रॅम मुळात बोलण्याच्या अभ्यासासाठी केला. तो फुकट मिळतो. मुंबईच्या एन.सी.पी.ए. मध्ये सुवर्णलता राव आणि विम व्हान डर मीर यांनी अशाच साधनांनी मोठमोठ्या गायकांच्या गाण्याचे आलेख काढले. ते पाहिले की सूर म्हणजे ठिपका नसून वळण आहे, हे डोळ्यांना दिसते. दरबारीचा गंधार आंदोलन घेतो म्हणजे काय करतो, हे मुलाला दाखवण्यासाठी मी तो आलेख आवर्जून वापरतो. पण नियम एकच: गाऊन झाल्यावर बघायचे, गाताना नाही. हिरवा दिवा लागेपर्यंत सूर ढकलत राहणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांचा कान झोपलेला असतो आणि डोळा गात असतो. शिवाय फोनमधल्या स्वस्त काट्यांपैकी पुष्कळांचे स्वर पेटीच्या पट्ट्यांवर बेतलेले असतात. मुलाने तंबोऱ्यात मिळणारा गंधार अचूक लावला तरी काटा त्याला उतरा म्हणतो. या एका बाबतीत आजोबांचे म्हणणे मी जसेच्या तसे उचलून धरतो.

राहिली ती नवी तऱ्हा, दोन ओळी लिहून दिल्या की चाल, साज आणि आवाज यांसकट गाणे करून देणाऱ्या प्रोग्रॅमांची. शाळांच्या स्नेहसंमेलनांतून आणि गणेशोत्सवाच्या मंडपांतून तशी गाणी वाजू लागली आहेत. कार्यकर्त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना परवापर्यंत गाणे हवे असते. मला त्यात एवढेच खटकते की, तेथे नको म्हणायला कोणी बसलेलेच नसते. गाणे संपूर्ण येते, गुळगुळीत येते, आणि ते घेतात तरी किंवा दुसरे मागवतात. कोणता स्वर बदलावा, अंतरा कोठून उचलावा, असा तुकड्या-तुकड्याचा वाद घालायला त्यात फट राहत नाही. एखाद्या मंडळाने ते घेऊन मोडून पाहिले, निम्मे टाकले, निम्मे आपल्या पेटीवर पुन्हा बांधले, तर मी त्याला कमी लेखणार नाही. तसे करणारे अजून भेटलेले नाहीत.

आता सर्वांत अवघड गोष्ट. हे सर्व विचाराचे झाले. पण यंत्राच्या आगमनाची एक बाजू रोजच्या भाकरीची आहे, आणि ती बोलायला कोणी तयार नसते. नाना पानशांनी ज्या शहरात पखवाज घुमवला, ज्या शहरात पानसे घराण्याचे नाव आजही तालवाले कानाला हात लावून घेतात, त्या शहरात वर्गांतून साथ करणारा तबलजी हळूहळू नाहीसा होतो आहे. मैफलीचा तबलजी राहील. मोठ्या गवयाला यंत्रावर गाताना कोण ऐकेल? पण मैफल वर्षातून चार मिळतात. घर चालते ते वर्गांतल्या साथीवर, मुलांच्या रोजच्या तीनतालावर. शहरातल्या एका वर्गाने आपला पंधरा वर्षांचा तबलजी गेल्या साली बंद केला आणि त्याच्या जागी भिंतीला एक कर्णा लावला. हिशेबाने ते बरोबरच असणार. कर्ण्याला पगार नाही, सुट्टी नाही, आणि तो उशिरा येत नाही.

त्याआधी सारंगियांचे असेच झाले. ज्या सारंगीच्या घरातून अमीर खाँ निघाले ती सारंगी इंदुरात साथीला शोधून काढावी लागते. फोनमध्ये मात्र सारंगीचा लेहरा आहे. कोणीतरी तो कधीतरी वाजवला असेल. पडद्यावर त्याचे नाव नसते.

ही केवळ दयेची गोष्ट असती तर मी ती संपादकीयात आणली नसती. तिचा सुचण्याशी थेट संबंध आहे. फोनमधला तबला मुलाला कधीही अडवत नाही. मूल मात्रा सोडते, यंत्र पुढे जाते. मूल थांबते, यंत्र पुढे जातच असते. माणूस तबलजी मात्र भुवई वर करतो. समेला चुकलेल्या मुलाकडे पाहून एक आवर्तन नुसता ठेका धरून ठेवतो, सावरू देतो. मुलाने चांगली जागा घेतली की तिचेच बोल तबल्यावर उमटवून परत देतो, आणि ते ऐकून मुलाला तिसरीच जागा सुचते. कधी सरळ म्हणतो, "बाळ, हे परवाच घेतले होतेस." हा नकारच आहे, आणि तो यंत्राच्या पोटात घालता आलेला नाही. घरी एकट्याने लय पक्की करायला यंत्र उत्तम. त्याबद्दल मी पालकांना कधीच अडवत नाही. वर्गात त्याची जागा घेऊ देणे म्हणजे मुलाला उलट उत्तर देणारे एकमेव माणूस खोलीबाहेर काढणे होय.

काही पालक म्हणतील की मास्तर, तुम्ही तरी कसे भागवणार? भागवणे कठीण आहे हे खरे. दरबार गेला, त्याच्या जागी दुसरा कोणी आला नाही; जे काही चालते ते तुमच्या फीवर. म्हणून स्पष्ट मांडतो. येत्या सत्रापासून आमच्या वर्गात छापील पलट्यांचा प्रयोग चालू राहील, आलेखही राहील. ज्यांना तो प्रोग्रॅम घरी न्यायचा आहे त्यांना तो मुलगा विनामूल्य देईल. मात्र तीन दिवसांपैकी दोन दिवस फोन दाराशी ठेवायचे आणि तबलजी आत बसायचा, असे ठरवले आहे. त्याने फी थोडी वाढेल. ज्या घराला ती जड वाटेल त्यांनी मला येऊन सांगावे. आपण त्यातून वाट काढू, तबलजीच्या मानधनाला हात न लावता.